एका शब्दात मावणारा दोष



चातुर्मासातल्या डाळींच्या पदार्थांचा लेख पुढच्या वेळी. ह्या वेळी विषय वेगळा आहे, पण तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या घरातलाच आहे. आपली नातवंडं इंग्रजी शाळांत शिकतात आणि आठवी-नववीपासून त्यांच्यापुढे एक प्रश्न हमखास येतो. नायकाच्या स्वभावातला दोष ओळखा आणि त्या दोषामुळे त्याचा ऱ्हास कसा झाला ते उदाहरणांसह लिहा. प्रश्न उत्तम आहे. त्याचं उत्तर लिहायची जी रीत मुलांना शिकवतात, ती मात्र मला मुळीच पटत नाही.

माझी नात दहावीत आहे. तिला ह्या वर्षी शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ आणि डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ आहे. दोन्ही मी तिच्याबरोबर वाचली, शब्दकोश शेजारी घेऊन, दुपारी भांडी आवरल्यावर. मी कॉमर्सची, साहित्याची नव्हे, हे आधीच सांगते. पण म्हणूनच बहुधा एक गोष्ट माझ्या चटकन लक्षात आली. मुलांच्या वह्यांत मॅकबेथच्या दोषाचं नाव असतं ‘महत्त्वाकांक्षा’. त्याखाली चार वाक्यं नाटकातली, दोन वाक्यं स्वतःची, की झालं उत्तर. खून का केला? महत्त्वाकांक्षा. मित्राला का मारलं? महत्त्वाकांक्षा. झोप का उडाली? तीही महत्त्वाकांक्षेमुळेच.

हिशेब लिहिणाऱ्या बायकांना सस्पेन्स खातं माहीत असेल. ट्रायल बॅलन्स जुळत नाही, फरक कुठून आला ते सापडत नाही, तेव्हा तो फरक तात्पुरता सस्पेन्स खात्याला टाकतात आणि पुढे सरकतात. ते खातं म्हणजे उत्तर नव्हे, उत्तर शोधायचं राहिलंय ह्याची ती खूण आहे. वर्गातला हा ‘दोष’ तसाच झालाय. माणसाचं जे जे जुळत नाही ते सगळं एका शब्दाच्या खात्यावर टाकायचं आणि वही मिटायची.

मुळात हा शब्द ज्याच्या नावावर खपवतात त्या ॲरिस्टॉटलने तरी कुठे असं म्हटलंय? त्याच्या ‘पोएटिक्स’च्या तेराव्या प्रकरणात ‘हमार्शिया’ हा शब्द येतो. ग्रीकमध्ये त्याचं मूळ नेम चुकण्यात आहे, बाण मारला आणि लक्ष्यावर लागला नाही, तसं. म्हणजे ती एक चूक आहे, घडलेली गोष्ट आहे. जन्मखूण असावी तसा अंगावरचा डाग नव्हे. पुढच्या लोकांनी त्याचा ‘स्वभावदोष’ केला आणि मग तो ओळखून त्याला नाव देणं एवढंच मुलांच्या हाती राहिलं.

आपल्याकडे ह्या बाबतीत फार बारीक काम झालेलं आहे, आणि ते रोज आपल्या हातात असतं. जपमाळेचे मणी १०८ का, असं लहानपणी मी आईला विचारलं होतं. तिने जे सांगितलं ते तुम्हालाही माहीत असेल, तरी मांडते. पाप तीन टप्प्यांनी होतं: संरंभ, समारंभ, आरंभ. संरंभ म्हणजे करायचं असं मनाने घेणं. समारंभ म्हणजे त्याची साधनं जमवणं (लग्नाचा समारंभ नव्हे, जरी तिथेही साधनंच जमवतो आपण). आरंभ म्हणजे प्रत्यक्ष कृतीला हात घालणं. हे तीन मनाने, वचनाने, कायेने. म्हणजे नऊ. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, दुसऱ्याने केलेल्याला अनुमोदन दिलेलं. सत्तावीस. आणि प्रत्येकामागे क्रोध, मान, माया, लोभ ह्यांपैकी एक कषाय. एकशे आठ. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात हे आहे.

आता ही मोजपट्टी मॅकबेथला लावून बघा. नातीला मी एवढंच म्हटलं, तू ‘महत्त्वाकांक्षा’ हा शब्द खोडून टाक आणि प्रत्येक खून कुठल्या मण्यावर बसतो ते सांग. आधी ती हसली. मग आमच्या तीन दुपारी त्यात गेल्या.

पहिला खून राजा डंकनचा. चेटकिणी भविष्य सांगतात आणि क्षणात मॅकबेथच्या मनात विचार येऊन जातो, त्याचा त्यालाच धसका बसतो. हा संरंभ. मग बायकोला पत्र, बायकोचा बेत, पहारेकऱ्यांच्या दुधाच्या पेयात गुंगीचं औषध, सुऱ्यांची तयारी. हा समारंभ. त्यातही मधे एकदा तो थांबतो. राजा नातलग आहे, आपल्या घरी पाहुणा आहे, चांगला राजा आहे, अशी कारणं तो स्वतःशी मोजतो आणि बायकोला सांगतो की हे पुढे न्यायचं नाही. ती त्याच्या मर्दपणाला डिवचते आणि तो पुन्हा तयार होतो. इथे लोभ नाही हं, इथे मान आहे! राज्याचा मोह त्याने बाजूला ठेवला होता. ‘तू पुरुष कसला’ हे मात्र त्याला सोसलं नाही. महत्त्वाकांक्षा लिहिणाऱ्या मुलाच्या हातून ही जागा निसटते, आणि माझ्या मते अख्ख्या नाटकात ह्याहून महत्त्वाची जागा नाही.

दुसरा मोठा खून बँकोचा, जो त्याचा मित्र, लढाईतला सोबती. हा त्याने स्वतः केला नाही, मारेकरी लावले. हे ‘कारित’. आणि मारेकऱ्यांनाही नुसते पैसे देऊन तो मोकळा होत नाही. तुमच्या हालांना बँकोच जबाबदार आहे असं त्यांना पटवतो. ही माया. बायकोला तर तो सांगतच नाही. आत्ता तुला ठाऊक नको, काम झालं की वाखाण, अशा अर्थाचं बोलतो. मैत्रिणींनो, मी तिथे पुस्तक खाली ठेवलं. ज्या माणसाला आपला धर्म ठाऊक असणं शक्य नाही, त्याने ‘अनुमोदना’ची व्याख्या नवराबायकोच्या संवादात घालून ठेवली आहे.

तिसऱ्या वेळी मॅकडफच्या वाड्यावर माणसं धाडली. मॅकडफ स्वतः इंग्लंडला निघून गेलेला, मागे बायको आणि मुलं. त्यांना मारून काही मिळणार नाही. गादी आधीच मिळालेली आहे, धोका ज्याच्यापासून तो तिथे नाही. इथे कुठली महत्त्वाकांक्षा? हा नुसता क्रोध. आणि ह्याच वेळी तो म्हणतो की यापुढे मनात आलं की लगेच हातून होईल, मधे विचार नको. म्हणजे संरंभ आणि आरंभ ह्यांच्यामधली पायरीच त्याने काढून टाकली. पहिल्या खुनाच्या वेळी ह्याच पायरीवर त्याने किती येरझाऱ्या घातल्या होत्या!

असं बघितलं की दोष ही एक चालत जाणारी गोष्ट आहे हे मुलांना दिसतं. तीच व्यक्ती, तोच गुन्हा, पण कषाय बदलत जातो आणि प्रत्येक वेळी कमी वेळ लागतो. शाळेच्या भाषेत ‘कॅरेक्टर डेव्हलपमेंट’ म्हणतात ते ह्याहून वेगळं काय असतं?

लेडी मॅकबेथबद्दल मुलांच्या वहीत एकच शब्द असतो, दुष्ट. पण बेत आखणारी ती, नवऱ्याला टोचणारी ती, आणि तरी तिचा स्वतःचा हात उठला नाही. का? तर झोपलेला राजा तिला आपल्या वडिलांसारखा दिसला. कायेने ती थांबली, मनाने आणि वचनाने थांबली नाही. पुढे तो निबर होत जातो आणि ती झोपेत चालत हात धुत बसते. दोघं एका जिन्यावर आहेत, एक वर जातोय, एक खाली येतेय, अधेमधे कुठे भेट नाही.

ह्या सगळ्यावर नातीच्या वर्गातला दुसरा गट काय म्हणतो तेही सांगते, कारण हल्ली हा गट मोठा आहे. ते म्हणतात मॅकबेथ बिचारा परिस्थितीचा बळी. चेटकिणींनी भरवलं, बायकोने ढकललं. वकीलपत्र घेतल्यासारखी मुलं बोलतात. नायक आपल्याला ‘रिलेटेबल’ वाटला पाहिजे, असा एक आग्रह झालाय. मग त्याचा दोष माफ करण्यासाठी कारणं गोळा करायची. त्यांना एवढंच विचारावं: त्या चेटकिणी एकट्या मॅकबेथला भेटल्या होत्या का? बँको शेजारीच उभा होता. त्यालाही सांगितलं की तुझे वंशज राजे होतील. ऐकणारे कान चार, आणि खून करायला दोनच हात निघाले.

अर्थात बँकोलाही मी सोडत नाही. नोट्समध्ये तो सज्जन असतो, मॅकबेथच्या उलट. पण राजा मेल्यावर बँकोला संशय आलेला आहे, तो स्वतःशी तसं बोलतो, आणि मग गप्प बसतो. कारण चेटकिणींचं एक भाकीत खरं झालं म्हणजे आपल्याबद्दलचंही होईल अशी आशा त्याला आहे. ही मौन अनुमोदना. इथे थोडा इतिहास सांगते. शेक्सपिअरने ही गोष्ट होलिनशेडच्या बखरीतून घेतली. त्या बखरीत बँको कटात चक्क सामील आहे. पण नाटक लिहिलं गेलं साधारण १६०६ मध्ये, तेव्हा इंग्लंडच्या गादीवर जेम्स राजा होता आणि तो स्वतःला बँकोचा वंशज मानायचा. तेव्हा बँकोला धुऊन काढणं भाग होतं. धुतला, पण तेवढी एक शंका आणि तेवढं एक मौन लेखकाने ठेवलंच.

तसंच डंकनचं. खरा मॅकबेथ स्कॉटलंडवर १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षं राज्य करून गेला आणि खरा डंकन १०४० साली लढाईत मारला गेला, बिछान्यात नव्हे. झोपलेल्या पाहुण्याला मारण्याची गोष्ट त्याच बखरीतल्या दुसऱ्या एका राजाची आहे. शेक्सपिअरने ती उचलून इथे बसवली. म्हणजे नायकाचा दोष त्याने मुद्दाम जड केला. मुलांना हेही विचारता येईल की लेखकाने असं का केलं असावं. रणांगणातला खून आपण सहज गिळला असता. घरी जेवायला घातलेल्या माणसाचा गिळवत नाही.

आता ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’. ही १८६०-६१ मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आलेली कादंबरी. इथे रक्त नाही आणि म्हणून मुलांना दोष सापडत नाही. ‘पिप हा स्नॉब आहे’ लिहितात नि संपवतात. मला विचाराल तर आपल्या घरांसाठी पिप मॅकबेथहून जास्त कामाचा. गावच्या लोहाराकडे, जो नावाच्या मेहुण्याकडे वाढलेला हा मुलगा. अज्ञात माणसाकडून पैसा येतो, हा लंडनला जातो, आणि जो त्याला भेटायला येणार कळल्यावर त्याच्या मनात येतं की पैसे देऊन ही भेट टाळता आली असती तर मी दिले असते. कुणाला मारलं नाही, कुणाला फसवलं नाही. घरच्या माणसाची लाज वाटली, एवढंच. शहरात शिकायला गेलेल्या किती मुलांना गावाकडून पिशवी घेऊन आलेल्या काकांची अशी लाज वाटते, ते आपल्याला माहीत आहे. जो बिचारा येतो, टोपी कुठे ठेवावी कळत नाही, ज्याला मांडीवर खेळवलं त्याला अधूनमधून ‘सर’ म्हणतो.

ह्या पुस्तकातलं एक प्रकरण मात्र मी स्वतःसाठी दोनदा वाचलं. पिप आणि त्याचा मित्र हर्बर्ट दोघंही कर्जात बुडालेले. अधूनमधून ते चांगलं जेवण मागवतात, नवे कागद, शाई, टीपकागद घेऊन ऐटीत हिशेबाला बसतात. हर्बर्टचं देणं समजा १६४ पौंड ४ शिलिंग २ पेन्स निघालं, तर पिप म्हणतो, मार्जिन ठेव, २०० लिही. स्वतःचं त्याच्या चौपट, तर ७०० लिहितो. आणि मग त्या मार्जिनच्या भरवशावर तेवढंही खर्च करून बसतात! बिलं व्यवस्थित घडी करून, दोरीने बांधून ठेवली की कर्ज फिटल्यासारखं समाधान. बजेट लिहून काढलं की बचत झाली असं मानणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत. डिकन्सने त्यांना दीडशे वर्षांपूर्वीच पकडून ठेवलंय. दोष ओळखायला ही एवढी जागा पुरे. मूल ह्या एका प्रकरणावर पानभर लिहू शकेल, आणि ते कुठल्याही गाइडमध्ये मिळणार नाही.

पुढे पिप आजारी असताना कर्जापायी अटक करायला माणसं येतात. जवाहिऱ्याचं बिल, १२३ पौंड आणि वर काही. शुद्धीवर येतो तो उशाशी जो. जो त्याची सेवा करतो, बरा झाल्यावर पहाटे न सांगता निघून जातो आणि मागे राहते ती कर्ज फेडल्याची पावती. आणि ही सगळी गोष्ट सांगतोय कोण? मोठा झालेला पिप स्वतः, काहीही न लपवता. आपण प्रतिक्रमणात आलोचना करतो तशी ती अख्खी कादंबरी आहे. वर्गात ह्याला ‘फर्स्ट पर्सन नॅरेटर’ म्हणून एका गुणाला विकतात.

आमच्या स्वाध्यायातल्या एक ताई मला म्हणाल्या, “खुनी माणसाची गोष्ट मुलांना शिकवावीच कशाला? आपल्या शलाकापुरुषांची चरित्रं काय कमी आहेत?” मी म्हटलं, “ताई, शलाकापुरुषांत रावणही मोजला जातो.” प्रतिनारायण म्हणून तो त्रेसष्टांतच आहे. रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणातला रावण राक्षस नाही, विद्याधर राजा आहे, जिनभक्त आहे. इच्छा नसलेल्या स्त्रीला स्पर्श करणार नाही असं व्रत त्याने घेतलंय आणि सीता समोर असूनही ते पाळतो. शेवटी त्याचं मन वळतं, सीता परत द्यावी असंही त्याला वाटतं. पण आत्ता दिली तर लोक भ्याला म्हणतील. आधी राम-लक्ष्मणांना युद्धात जिंकेन, मग सन्मानाने परत करीन. मोह ओसरला होता. मान आडवा आला. मॅकबेथला ज्या जागी बायकोने डिवचलं, बरोबर तीच जागा. सातव्या शतकातला आचार्य आणि सतराव्या शतकातला नाटककार एका ठिकाणी बोट ठेवतात, तेव्हा मला तरी त्या इंग्रजी पुस्तकाची भीती वाटत नाही.

एक फरक मात्र नातीला मी दाखवला आणि तो तिला आवडला. मॅकबेथचं खातं पाचव्या अंकात बंद होतं, मान उडवली, पडदा पडला. आपल्या पुराणात खातं बंदच होत नाही. श्रेणिक राजाने ध्यानस्थ मुनींच्या गळ्यात मेलेला साप टाकला, त्याचं फळ म्हणून तो नरकात गेला, आणि तोच पुढच्या चोविशीत पहिला तीर्थंकर होणार आहे. रावणाचाही जीव पुढे कधीतरी तिथे पोहोचणार. शेवट शोकाचा की सुखाचा, हा प्रश्नच आपल्याकडे वेगळ्या तऱ्हेने विचारावा लागतो.

मराठीतल्या जुन्या मंडळींना हे इंग्रजी नायक परके वाटले नव्हते, हेही लक्षात असू द्या. आगरकरांनी ‘हॅम्लेट’ १८८३ मध्ये मराठीत आणलं तेव्हा त्याला नाव दिलं ‘विकारविलसित’. देवलांनी ऑथेल्लोचा ‘झुंजारराव’ केला, शिरवाडकरांनी मॅकबेथचा ‘राजमुकुट’. ‘विकार’ हा शब्द मला ‘दोष’पेक्षा फार बरा वाटतो. विकार म्हणजे बदल, बिघाड. दुधाचं नासणं हा विकार. चांगलं होतं ते नासलं, हे त्यात आपोआप येतं, आणि कशाने नासलं हा प्रश्नही येतो.

शिक्षकांबद्दल माझी तक्रार थोडी आहे. चाळीस-चाळीस मुलांचे निबंध तपासायचे, वर गुणांचा तक्ता ठरलेला. त्या तरी काय करतील. पण घरी वेळ आहे तो आपल्याकडे. नातवंड वही घेऊन बसलं की त्याला विचारा, हा माणूस परत फिरू शकला असता अशी शेवटची जागा कोणती? तो एकटा असताना काय बोलतो आणि चारचौघांत काय? ह्याला कुणी सांगितलं होतं का, आणि त्या सांगणाऱ्याला त्याने कसं वागवलं? इंग्रजी आपलं कच्चं असलं तरी हे प्रश्न मराठीत विचारता येतात. मी तसंच विचारते. ती उत्तरं इंग्रजीत लिहिते.

नातीने निबंध शेवटी बँकोवर लिहिला, त्याच्या त्या गप्प बसण्यावर. बाईंनी खाली लिहिलंय की नायक मॅकबेथ आहे, त्याच्यावर लिहायला हवं होतं, पण मुद्दा वर्गात सगळ्यांसमोर मांड. सोमवारी मांडणार आहे. सध्या आरशासमोर सराव चालू आहे आणि मला स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येतंय.